पहिल्या खेपेचा मान

गाडीच्या कंपनीच्या पुण्याच्या मॅडमनी माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या. म्हणाल्या, "ताई, फोटोत हे बरं नाही दिसत."

मी चपला हातात घालते. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय मांडीपासून वाळले. बसल्या बसल्या हातांवर जोर देऊन अंग पुढं ढकलते, तेच माझं चालणं. चपला नसल्या तर खडी तळव्यात घुसते. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मॅडमनी चपला दोन बोटांत धरल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी आणलेल्या सामानाजवळ ठेवल्या. तिथं नारळ होते, हळदीकुंकू होतं. एका माणसानं लगेच त्या पायानं बाजूला सारल्या. सारत सारत पार रस्त्याच्या कडेला नेल्या.

मी पाहिलं. मी कधी बोलत नसे. माझा आवाज ऐकलेली माणसं आमच्या वस्तीतही थोडीच.

मग मला नव्या कोऱ्या व्हीलचेअरवर बसवलं. खुर्चीच्या हातांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. समोर गाडी उभी होती. पांढरी, आखूड, पुढून मागून सारखीच दिसणारी. तिला ड्रायव्हर नाही. आपली आपण चालते, आपली आपण थांबते. कंपनीनं ती चाचणीसाठी आणली होती. येडगाव धरणाच्या कालव्याकडेनं आमच्या गावापासून आळेफाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या रस्त्याला वर्दळ नाही म्हणून आमचं गाव निवडलं होतं. ज्यांना एसटीत चढता येत नाही, जीपमध्ये कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी ही गाडी, असं मॅडमनी ग्रामपंचायतीपुढं माइकवर सांगितलं होतं. दार उघडलं की खालून एक फळी बाहेर येते, तिला रॅम्प म्हणतात. खुर्ची त्यावरून सरळ आत जाते.

माइकवरचं ते ऐकलं तेव्हा मी अण्णांच्या बराखीत कांदे निवडत होते. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबलचक जागा, बांबूच्या भिंतींची. सडका कांदा बाजूला काढायचा, चांगला मागं ठेवायचा. बसून करायचं काम म्हणून मला मिळालं. अण्णा म्हणजे सरपंचबाईंचे मालक. सही बाईंची, गाव अण्णांचं. मी हात थांबवून ऐकत होते. ते माझ्याबद्दलच बोलत आहेत असं मला वाटलं. त्याआधी माइकवर माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

फाट्यावर एका बाईंचं शिवणाचं दुकान आहे. त्यांच्याकडं मोटरवर चालणारी मशीनं आहेत. पायाचं मशीन मला चालवता येत नाही, पण मोटरचं पेडल टेबलावर ठेवलं तर मी कोपरानं दाबू शकते. एकदा भावानं मला मोटारसायकलवर ओढणीनं पाठीशी बांधून तिथं नेलं होतं. मी सरळ टीप मारून दाखवली. बाई म्हणाल्या, "हात चांगलाय तुझा. रोज येणार असशील तर जागा हाय." रोज. भाऊ रोज नेऊ शकत नाही, त्यालाही अण्णांच्या रानात जावं लागतं. त्या एका शब्दापाशी माझं काम अडलं होतं.

त्याच्याआधी आई होती. आईनं मला पाठीवर वागवलं. वस्तीपुढून फाट्याला जीप जायची. आई मला घेऊन उभी राहायची. ड्रायव्हर आईकडं बघायचा, मग तिच्या खांद्यावरून दिसणाऱ्या माझ्या तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "पोतं मागं टाक, मावशे." आतली माणसं हसायची. मागं दुधाचे कॅन असायचे, त्यांच्यामध्ये मला बसवायचे. वळणावर कॅन अंगावर यायचे. कोणी म्हणायचं, "दूध सांभाळ गं." पोरीला सांभाळ असं आईला कोणी म्हटलं नाही. पुढं पुढं आम्हाला बघून जीप थांबेनाशीच झाली. धूळ तोंडावर बसायची. आई पदरानं आधी माझं तोंड पुसायची, मग स्वतःचं.

चौथीपर्यंत शाळा वस्तीजवळ होती. पाचवीला आळ्याला जावं लागायचं. तोवर मी जड झाले होते. दप्तर खुंटीला राहिलं. आता आईही नाही.

तर त्या दिवशी फोटो काढायचे होते. मला रॅम्पवरून आत नेलं. मॅडम म्हणाल्या, "हसा ना ताई. आनंद झालाय असं दाखवा." मला आनंद झालाच होता, दाखवायचा कसा ते माहीत नव्हतं. मग मला खाली उतरवलं. परत आत नेलं. सूर्य चुकीच्या बाजूला आहे म्हणून परत उतरवलं. मागं म्हैस आली म्हणून परत. दार लागायचं, मी आतली दांडी धरायची, आता निघेल असं वाटायचं. दार उघडायचं. शेवटी माझं हसू दगडासारखं झालं. मॅडमना तेच आवडलं. म्हणाल्या, "हे नॅचरल आलं."

मी हळू आवाजात विचारलं, "गाडी हालणार कधी?"

"उद्या. उद्घाटनाची पहिली खेप तुमचीच आहे. तुम्हीच तर आमच्या पहिल्या प्रवासी."

वहिनी मला न्यायला आली होती. तिनं ते ऐकलं. घरी गेल्यावर तिनं माझे केस धुतले. स्वतःची लग्नातली साडी काढून मला दिली. म्हणाली, "उद्या तुझा मान हाय. खाली बघत बसू नको. येरवी बसती तशी."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. आमच्या वस्तीतलेही आले, पण ते कालव्याच्या कठड्याजवळ उभे राहिले. तिकडंच उभं राहायचं असं कोणाला सांगावं लागत नाही. मी मात्र पुढं होते, गाडीच्या दाराशी, खुर्चीवर. चपला वहिनीच्या पिशवीत होत्या. मॅडमनी तसं सांगितलं होतं.

आमच्याकडं नवी गाडी घेतली की तिची पूजा होते. चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, आणि सुवासिनी ओवाळतात. ट्रॅक्टर असो, जेसीबी असो. या गाडीचंही तसंच ठरलं. सुवासिनी ताटं घेऊन गाडीपुढं उभ्या राहिल्या. कंपनीच्या इंजिनियरनं गाडी आधीच सुरू केली होती. ताट वर गेलं आणि गाडी बोलली, "समोर अडथळा आहे. कृपया बाजूला व्हा."

एक बाई घाबरून मागं सरली. निरांजन विझलं. ताट परत वर गेलं, गाडी परत तेच बोलली. अण्णा म्हणाले, "अहो साहेब, ही आमच्या लक्ष्म्यांना अडथळा म्हणती. हिला जरा रीत शिकवा." सगळे हसले. इंजिनियरही हसला. त्यानं समजावलं, गाडीला डोळे आहेत, समोर माणूस असला की ती हलत नाही. माणूस कोणीही असो. रिमोट दाबला तरी हलत नाही. तसंच बनवलं आहे तिला.

मी ते ऐकलं. माणूस कोणीही असो. असं वाहन मी पाहिलं नव्हतं.

ओवाळून झालं. नारळ फुटला. मॅडमनी माझ्या खुर्चीच्या मुठी धरल्या. तेवढ्यात अण्णांच्या आई बोलल्या. गावात त्यांना मोठ्या बाई म्हणतात. लपूनछपून बोलल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून, अण्णांना.

"पहिल्या खेपेला ही बसणार? नव्या गाडीत पांगळं बसवत्यात का कुठं?"

अण्णांनी मॅडमना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून हातभर. मी माणूस असते तर ते आणखी लांब गेले असते.

मॅडम म्हणाल्या, "पण आम्हाला व्हीलचेअर दिसायला हवी. त्याच्यासाठी तर हे सगळं आहे."

अण्णा म्हणाले, "मग खुर्ची ऱ्हाऊ द्या की. माणूस बदला."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. पाहुण्यांकडं पाहिलं. मग मान हलवली.

दोन पोरांनी माझ्या काखेत हात घातले. मला उचललं. वहिनीची साडी खुर्चीच्या चाकात अडकली ती ओढून काढली. मला बाभळीखाली बारदानावर ठेवलं. माझ्या खुर्चीत मोठ्या बाई बसल्या. सकाळीच मी त्यांना देवळाच्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं, हातात तांब्या घेऊन, कशालाही न धरता.

फोटोवाला म्हणाला, "आजी, पाय हलवू नका."

मोठ्या बाईंना पाय हलवल्याशिवाय बसता येईना. मग मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. "आजी, त्या ताईंचे पाय बघा. तसे सोडा. सैल."

मोठ्या बाईंनी माझ्या पायांकडं निरखून बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. साडी वर सरकली होती. पाय उघडे होते, वाळलेल्या काटक्यांसारखे, एकावर एक पडलेले. मोठ्या बाईंनी आपले पाय तसे पाडले. "आता जमलं," कोणीतरी म्हणालं. "बाई तर शिनिमात जातील राव." हशा झाला.

मी बोलले. घशातून आधी नुसती हवा आली. मग शब्द आले. "अण्णा, माझी खेप हाय ती."

अण्णा माझ्याकडं वळले. आवाज अगदी मऊ. "तुमच्यात पूजाबिजा चालत न्हाई ना? तुमी बुद्धाची माणसं. मग पूजेच्या गाडीत कशाला बसायचं? दुसऱ्या खेपेला बघू."

आणखी हशा. कठड्याजवळची आमची माणसं खाली बघत होती. भाऊही तिथंच होता. वहिनी पिशवी छातीशी धरून उभी होती.

खुर्ची आत गेली. अण्णा बसले, पाहुणे बसले, मॅडम आणि इंजिनियर बसले. दार लागलं.

मी बारदानावरून उतरले. हातात चपला नव्हत्या. रस्त्यावर नारळाच्या कवट्यांचे तुकडे पडले होते, ते तळव्याला लागले. मी गाडीच्या पुढं गेले आणि बसले. पाठ तिच्याकडं केली नाही. तोंड केलं.

गाडी हलली नाही.

"समोर अडथळा आहे. कृपया बाजूला व्हा."

मी तिच्या काचेकडं बघत होते. आत स्टेअरिंग नव्हतं, ड्रायव्हर नव्हता. माझ्याकडं बघून तोंड वाकडं करणारं कोणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा एक वाहन माझ्यासाठी थांबलं होतं. मी कोण, कोणाची, कुठल्या वस्तीतली, हे त्या गाडीला ठाऊक नव्हतं. म्हणून ती थांबली होती.

आतून मोठ्या बाईंचा आवाज आला, "का थांबली रं?"

इंजिनियर खाली उतरला. "ताई, प्लीज," म्हणाला. मग रिमोट दाबत राहिला. मग अण्णा उतरले. त्यांनी नुसती मान हलवली तशी तीच दोन पोरं माझ्याकडं आली.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. पोरं थांबली. फोटोवाल्याचा कॅमेरा आमच्याकडं वळला होता. मला वाटलं, जिंकलं.

मॅडम गाडीच्या दारातून म्हणाल्या, "कॅमेरा बंद करा जरा."

कॅमेरा बंद झाला. मग त्या पोरांनी मला उचललं. एकानं काखेत धरलं, एकानं पायांना. मी काखेत धरणाऱ्याचं मनगट धरलं. माझे हात मजबूत आहेत, जन्मभर त्यांच्यावर चालले आहे. तो ओरडला आणि त्यानं माझ्या कानाखाली मारली. मला रस्त्याकडेच्या चारीत टाकलं. चारीला पाणी नव्हतं, चिखल होता. वहिनीची लग्नातली साडी.

गाडी बोलली, "धन्यवाद. प्रवास सुरू होत आहे." आणि गेली.

चारीतून मला रस्ता दिसत नव्हता. माणसांचे पाय दिसत होते. कोणी माझ्याकडं आलं नाही. गाडी लांब गेल्यावर वहिनी आली, मग भाऊ. भावानं मला बाहेर काढलं. तो म्हणाला, "कशाला गेलीस मधी?" वहिनी म्हणाली, "आता बराखीत घेतील का तुला?" मारणाऱ्याला कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही. पण चारीत पडल्या पडल्या मला एक गोष्ट दिसली होती, ती डोळ्यांपुढून जाईना. गाडी थांबली होती. मला हलवलं माणसांनी. मी बोलत नाही, ओरडत नाही, दिसतही नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

बराखीत मला घेतलं नाही. मुकादम दारातच म्हणाला, "अण्णांनी सांगितलंय, तुला आता गाडीनं फाट्याला जायचंय ना. जा की."

गाडी सुरू झाली. सकाळी जाते, दुपारी येते. तिच्या अंगावर मोठ्या बाईंचा फोटो लावला आहे, खुर्चीत बसलेला, पाय माझ्यासारखे पाडलेले. खाली लिहिलं आहे, "आता कोणीही मागे राहणार नाही." चौथी शिकलेल्या बाईला वाचता येईल एवढं मोठं लिहिलं आहे.

गाडीत लक्ष ठेवायला एक माणूस असतो. तो अण्णांचा पुतण्या. वस्तीपुढं गाडी थांबली तेव्हा मी दाराशी गेले. म्हणाले, "रॅम्प उघड."

"रॅम्प बिघडलाय."

"मग मी चढू कशी?"

"ते मी कसं सांगू, मावशे?" दार लागलं.

दुसऱ्या दिवशीही बिघडलेला होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. त्या आठवड्यात वरच्या आळीतल्या एका मुलीच्या लग्नाचं कपाट फाट्यावरून आलं. मी गाडीच्या थांब्याजवळच्या वडाखाली बसले होते. दार उघडलं, रॅम्प खाली आला, कपाट त्यावरून अलगद उतरलं. रॅम्प आत गेला. पुतण्यानं मला पाहिलं. हसला. लपवायची त्याला गरज वाटली नाही.

मॅडम एकदा घरी आल्या. बरोबर ती व्हीलचेअर होती. म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी जे झालं त्याचं आम्हालाही वाईट वाटलं. ही खुर्ची तुम्हाला भेट. ग्रामपंचायतीत एक छोटा कार्यक्रम करू. अण्णांच्या हस्ते."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला खुर्ची हवी होती. तीच मला उचलते ना आता.

मी म्हणाले, "खुर्ची नको. रॅम्प उघडा."

"ते गावानं चालवायला घेतलंय ताई. आम्ही फक्त टेक्नॉलॉजी देतो. इतकं मनाला लावून घेऊ नका."

खुर्ची परत गेली. वहिनीनं त्या दिवशी मला उचललं ते तोंड दुसरीकडं करून.

त्यानंतर मी रस्त्यावर बसायला सुरुवात केली. वस्तीच्या पुढं, जिथं एका बाजूला कालवा आहे आणि दुसऱ्या बाजूला खोल रान. तिथं गाडीला वळसा घालता येत नाही. पहिल्या दिवशी पुतण्यानं रिमोट दाबून पाहिला. मग खाली उतरला.

"ए बाई, ऊठ. लोकांना उशीर व्हतोय."

"रॅम्प उघड."

"बिघडलाय म्हणलं ना."

"मग दुरुस्त होईस्तवर मी इथं हाय."

त्यानं वाकून मला धरायला हात पुढं केला. मग माझ्या हातांकडं पाहिलं आणि मागं घेतला. त्यानं फोन लावला. अण्णांची माणसं आली, मला उचलून कडेला टाकलं, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी मी आणखी पुढं जाऊन बसले, गावापासून लांब. तिथं माणसं यायला वेळ लागतो. तोवर गाडी उभी राहते आणि एकच वाक्य बोलत राहते.

आतली माणसं शिव्या देतात. "हिच्या अंगात आलंय." "पायानं गेली, आता डोक्यानं गेली." ते मला लागत नाही, जन्मभर ऐकलं आहे. एक दिवस आमच्याच वस्तीतली एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, "सोड गं बाई. आमची रोजी बुडती. तू नसली गेली तर काय बिघडणार हाय?" ते लागलं. रोजी माझीही बुडाली आहे. पण ती आत बसून मला विचारत होती. मी खाली होते.

कालच अण्णांचा निरोप आला. भावाला सांगितलं आहे, बहिणीला आवर, नाहीतर रानातलं काम बंद. भाऊ रात्रीचं जेवला नाही. म्हणाला, "तूच सांग, मी काय करू?"

त्याचं काम जाईल. मला माहीत आहे. गेलं तर वहिनी मला घरात ठेवील का, तेही माहीत नाही. पोलिसात तक्रार करू म्हणून अण्णा म्हणाले आहेत. करू देत. तिथं न्यायला गाडी लागेल, आणि कोणाला तरी मला उचलून न्यावं लागेल, ते तरी करतील.

मला खुर्ची नको, फोटो नको, दुसरी खेप नको. फाट्यावरच्या मशीनपाशी रोज जायचं आहे. माझ्या नावानं आणलेल्या गाडीत, रॅम्पवरून, दिवसा, सगळ्यांच्या देखत. उद्या सकाळी मी कालव्याच्या रस्त्यावर बसणार. उचलून टाकतील. परत येईन. ती गाडी मला घेऊन जाईल, नाहीतर कोणालाच नेणार नाही.